आईने चार दिवस यावे म्हणून

अर्जदार: जिवतीकडील एक बाप, नाव उघड करणे उचित नाही. स्थळ: गोंडपिपरी, तहसील कचेरीसमोरील माझे अर्ज लिहिण्याचे टेबल. साक्षीदार: शेजारची चहावाली बाई.

पत्नी माहेरी निघून गेली, तिला पत्र लिहायचे आहे, एवढे सांगून तो खांद्यावरील दुपट्ट्याचे टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला. अशी प्रकरणे माझ्या रोजच्या हाताखालची आहेत. "विनाकारण नांदण्यास नकार" असा मजकूर मी लिहूनही टाकला.

"तसं नाई जी," तो म्हणाला. "मी दारू पिऊन मारत होतो. ते पयले लिवा."

"काऊन जी," चहावाली म्हणाली, "हात उचलतानी लाज नाई वाटली?"

"आता वाटते, बाई."

स्वतःविरुद्ध कोणी लिहून देत नसतो, असे मी त्याला बजावले. तेव्हा त्याने मान खाली घालून हळूच सांगितले की, मुलीला पहिल्यांदाच पाळी आली आहे, ती कोपऱ्यात बसून रडते, बापाशी बोलत नाही आणि घरात दुसरी बाई नाही.

चहावालीने न मागता त्याच्यापुढे चहा ठेवला. मी कागद फाडला. नव्या कागदावर त्याचा गुन्हा पहिल्या ओळीत लिहिला. शेवट त्याने सांगितला. मी केवळ "तू"च्या जागी "आपण" घातले:

"तरी मुलीसाठी चार दिवस घरी यावे. आपण असेपर्यंत मी शेतातील राखणीच्या माचीवर राहीन, घरात पाऊल टाकणार नाही. येणार की नाही, एवढे कृपया कळवावे."