बसून पाहिलेला डोंगर

काकूंचा फोन आला तेव्हा मी सातारच्या पुढे एका पठारावर कॅमेऱ्याचा स्टँड घट्ट धरून उभी होते. वारा असा की पलीकडचं काही ऐकू येईना. "हे गेले गं," एवढं त्यांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तर जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. भालेराव सरांना जाऊन आता दीड महिना झाला.

सर नेमकं काय करायचे, हे त्यांच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 'पवनचक्क्यांचे फोटो काढतात,' एवढंच. ते खरंही होतं, फक्त ते फोटो पवनचक्क्या उभ्या राहण्याच्या आधी काढायचे. रिकाम्या डोंगराचा फोटो घ्यायचा, मापं धरून त्यात कॉम्प्युटरवर पवनचक्क्या बसवायच्या, आणि देवळापाशी, शाळेपाशी, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला उद्या काय दिसणार ते आज दाखवायचं. मग अहवालात लिहायचं की इथून दृश्य फार बदलेल, मध्यम बदलेल, की बदलणारच नाही. कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याकडे लागले ती याच कामासाठी. ऑफिस बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर स्पीकर तपासले जात आणि वर आम्ही डोंगरांच्या शांततेबद्दल लिहीत असू.

पवनचक्क्यांवर त्यांचा मुळीच राग नव्हता. उलट त्यांना त्या आवडत. "वीज सगळ्यांच्या घरात जाते," ते म्हणायचे, "पातं मात्र एखाद्याच्याच दारात फिरतं. त्या एखाद्याला आधी सांगायला नको?" अहवाल दिला की काम संपलं असं त्यांना कधी वाटलं नाही. पवनचक्क्या उभ्या राहिल्या की स्वतःची सुट्टी घालवून ते पुन्हा त्याच जागी जायचे. जुनं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असे आणि त्याला एक दोरा बांधलेला. दोरा गालाशी धरून ताणला की चित्र डोळ्यांपासून बरोबर हव्या त्या अंतरावर येई. मग एकदा चित्र, एकदा डोंगर, असं पाहत ते बराच वेळ उभे राहत. मी हे काम अजूनही तसंच करते, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

अशाच एका फेरीत हिराबाई भेटल्या. डोंगराखालच्या वस्तीत त्यांचं घर, गुडघे गेलेले, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून निवडणं-टिपणं चाललेलं. त्यांच्या दाराचा फोटो आमच्या अहवालात होता आणि त्याखाली सरांनी लिहिलं होतं, 'समोरच्या आंब्यामुळे डोंगर झाकला जातो, परिणाम नाही.' सरांनी चित्र धरलं, दोरा ताणला, मान हलवली. तंतोतंत जुळत होतं. हिराबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "सायेब, तुमी हुबं ऱ्हाऊन बघताय. मी हितं बसती. जरा बसून बघा की."

सर ओट्यावर बसले, मीही बसले. फांद्या डोक्याच्या वर राहिल्या आणि बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी सगळा डोंगर उघडा पडला. सात पवनचक्क्या, पातं न् पातं दिसत होतं. "नजर हटत न्हाई हो," त्या म्हणाल्या, "बाकी वाईट काय न्हाई." त्यांनी तक्रार केली असती तर सरांना बहुधा कमी लागलं असतं. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा हा आमच्या धंद्यातला शिरस्ता. तो त्यांनीच मला शिकवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला आणि संबंधित खात्याला पत्र पाठवलं, 'आमच्या अहवालात आमची चूक झाली आहे.' कुणी विचारलं नव्हतं, काही बदलणारही नव्हतं. कंपनीने मात्र आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

त्यानंतर घरातला जेवणाचा एक पाट कामावर आला. प्रत्येक ठिकाणी उभ्याने एक फोटो आणि पाटावर बसून एक. बगलेत पाट घेऊन गावात शिरलं की लोक विचारायचे, पूजा कुणाकडे आहे? एकदा मी कंटाळून बसायचं टाळलं. सर रागावले की मला 'आपण' म्हणत. फोटो पाहून म्हणाले, "आपण बसला नाहीत वाटतं."

"जागा ओली होती, सर."

"हो का. तिथे राहणाऱ्यांना कोरडी मिळत असेल."

दोन वर्षांपूर्वी पाठीचं दुखणं वाढलं आणि सर अंथरुणाला खिळले. झोपायच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हॉलच्या गॅलरीतून मात्र टेकडी दिसते. काकूंनी सोफा देऊन टाकला, शेजारच्या दोघांना हाताशी धरून तो जड पलंग हॉलमध्ये आणला, गॅलरीच्या दारात उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "अहो, दिसते ना टेकडी?" सर म्हणाले, "दिसते की." मी भेटायला गेले की ते मलाही टेकडीच्या गोष्टी सांगत. आज हिरवी झालीय, आज वर कुणीतरी पतंग उडवतंय... शेवटच्या भेटीतही तेच. मी खुर्चीवर बसले होते. मान वळवून पाहिलं तर टेकडी हिरवी होती.

परवा काकूंकडे गेले होते. त्या चहा टाकायला आत गेल्या. पलंगाजवळ तो पाट होता. सवयीने मी त्यावर बसले आणि समोर पाहिलं. गॅलरीचा सिमेंटचा कठडा, त्यावर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, आणि आभाळ. मी उशीवर डोकं टेकवून पाहिलं. तेच. हिराबाईंसाठी सरकारी खात्याला पत्र लिहिणारा माणूस दोन वर्षं काकूंना 'दिसते' सांगत राहिला. नाहीतर काकूंनी तो जड पलंग पुन्हा हलवला असता.

काकू चहा घेऊन आल्या. मला उशीशी वाकलेलं पाहिलं. "दिसते ना टेकडी?" त्यांनी विचारलं.

"दिसते," मी म्हटलं.

"तेही असंच म्हणायचे." कप हातात देऊन त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "अगं, रोज याच पाटावर बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. मला डोळे नाहीत होय? पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ते इतक्या हौसेने सांगायचे... मग मी गॅलरीत कपडे वाळत घालताना मोठ्याने म्हणायचे, टेकडी हिरवी झाली गं बाई, पतंग उडतायत. तेवढंच त्यांना सांगायला नवीन काहीतरी."

मला रडू आवरलं नाही. त्यांनी मला रडू दिलं. हे सगळं लिहिलं तर चालेल का, असं निघताना विचारलं. "लिही," त्या म्हणाल्या. "फक्त टेकडी दिसत होती असं लिहू नकोस. छापलेलं चुकीचं त्यांना खपायचं नाही."

तेव्हा नोंदवते : भालेराव सरांच्या उशीवरून टेकडी दिसत नव्हती. पाट अजून पलंगाजवळच आहे, मी तो मागितला नाही.