नत्थू कापगतेची जागा

अड्याळच्या नत्थू कापगतेला फौजेत घेतलं ते त्याच्या पायांमुळे. भरतीच्या धावण्यात तो पुढच्या चार-पाच जणांत होता. पलटणीत आल्यावर लांबच्या कूचमध्ये तो कधी मागे पडला नाही. थकलेल्या सोबत्याची रायफलही स्वतःच्या खांद्यावर घेई. १९७६ मध्ये त्या पलटणीला चिलखती गाड्या मिळाल्या आणि चालणं जवळजवळ संपलं.

गाड्या परदेशी बनावटीच्या, आधी दुसऱ्यांनी वापरलेल्या. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर धावणारी पोलादी पेटीच ती. मागे इंजिन, मधे जवानांची बाकं. नत्थूची जागा अगदी शेवटची, इंजिनच्या पत्र्याला लागून. पहिल्याच सरावात त्याला उलटी झाली. मग दरवेळी व्हायला लागली. तो हेल्मेटमध्ये ओकायचा, गाडी थांबली की ते धुऊन परत डोक्यावर चढवायचा. सोबती त्याला ‘कच्चा’ म्हणू लागले.

सुट्टीत तो घरी आला तेव्हा बायको, चंद्रकला, त्याच्याकडे बघतच राहिली.

“काहून एवढे वाळले जी?”

“तिकडचं जेवन जात नाही मले,” तो म्हणाला.

परत गेल्यावर त्यानं पायी पलटणीत बदली मागितली. उत्तर लवकर आलं नाही.

दरम्यान, जुन्या गाड्या मोडीत न काढता सुधारून वापरायच्या असं ठरलं. नवा रेडिओ, नवी बाकं आणि आतली कोंडलेली हवा बाहेर टाकणारा पंखा. हे काम वर्कशॉपच्या मारोतराव हवालदारांकडे आलं. ते तुमसरचे. सुधारलेल्या गाडीची चाचणी घ्यायला आत बसणारी माणसं लागत. नत्थूला सरावातून वगळायला सुभेदारांना निमित्तच हवं होतं; त्यांनी त्याला तिकडे पाठवलं. पंखा बसवलेल्या गाडीत नत्थूला नेहमीपेक्षा लवकर उलटी झाली.

मारोतराव हसले नाहीत.

“यष्टीत होते काय तुले असं?”

“नाही जी. बैलबंडीत नाही, यष्टीत नाही.”

“मंग हे पोटाचं नोहे.”

झाकणं बंद करून मारोतराव स्वतः त्या जागेवर बसले. मैदानाला काही फेऱ्या झाल्यावर ते डोकं धरून उतरले आणि त्यांनी इंजिनकडचा पत्रा खोलायला लावला. सांध्यातलं पॅकिंग जळून गेलं होतं. तिथून इंजिनचा धूर आत येत होता, आणि नवा पंखा आतली हवा बाहेर काढताना तो धूर आणखीच आत ओढत होता.

नवं जाड पॅकिंग घातलं. पंखा उलटा बसवला, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत येईल. नत्थू पुन्हा त्याच जागी बसला. दुपारभर गाडी फिरली. तो उतरला आणि थेट जेवायला गेला. पलटणीतल्या सगळ्याच गाड्यांचे पत्रे मग तसे खोलण्यात आले. डोकी आपलीही दुखत होती, हे सोबत्यांनी तेव्हा कबूल केलं. नत्थूला आनंद कमी, राग जास्त आला. दोन दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही.

पुढच्याच महिन्यात बदलीचा हुकूम आला. सुभेदारांनी त्याला बोलावलं.

“आता बरा झालास ना? मग कशाला जातोस? मी बोलतो वर.”

“बरा झालो म्हनूनच जातो, साहेब. आधी गेलो असतो तर ‘कच्चा होता, पळाला’ म्हनले असते.”

“इथे बसून जायला मिळतं. तिकडे डोंगर आहेत.”

“मले चालाले आवडते,” नत्थू म्हणाला.

त्याच्या जागेवर साताऱ्याकडचा एक जवान बसू लागला. नत्थू डोंगरातल्या पलटणीत गेला आणि चालला. तिथे तो नाईक झाला. शेवटच्या वर्षात एका उतारावर पडून त्याचा डावा गुडघा दुखावला. १९८७ मध्ये तो अड्याळला परतला. त्या पावसाळ्यात तलावाखालच्या शेताच्या बांधीत त्यानं चंद्रकलेबरोबर धानाची रोवणी केली.