दोनशे दहा फुटांवरची गोगलगाय

तर काल आपण दोनशे दहा फुटांवर थांबलो होतो. आपण कसले, थांबले होते फूटमामा. चर्चच्या मागच्या अंगणात बोअरची गाडी धडधडत होती, पांढऱ्या धुळीने सगळ्यांच्या भुवया पिकल्या होत्या, आणि मामांनी एकदम हात वर केला. मशीन बंद. अशी शांतता पसरली की पाळकसाहेबांच्या हातातल्या कपबशीची किणकिण ऐकू यायला लागली.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगायला हवं. फूटमामा म्हणजे चौतीस वर्षं जमिनीत भोकं पाडणारा माणूस. जगातली प्रत्येक गोष्ट फुटांत मोजायचे. सुनेचं माहेर किती लांब? तर "बत्तीस हजार फूट, वळणं सोडून." रविवारी चर्च झाडायचे तेच आणि घंटाही वाजवायचे तेच. आणि त्यांचा एक शिरस्ता होता. दर दहा फुटांना मशीन थांबवायचं, वर आलेल्या चुऱ्याची एक ओंजळ पोत्यावर मांडायची, तिच्या शेजारी पुढच्या दहा फुटांची, तिच्या शेजारी त्याच्या पुढची. बाकीचे बोअरवाले चेष्टा करायचे, "मामा, दुकान मांडलंत की काय?" मामा म्हणायचे, "ज्याची जमीन, त्याला ती आतून दिसायला नको?"

त्या दिवशी एकविसावा ढीग काळ्या चिकणमातीचा निघाला. मामांनी त्यातला एक तुकडा ग्लासात धुतला, तळहातावर घेतला, आणि तोंडाचा आ तसाच राहिला. मिऱ्याएवढी गोगलगाय. अर्धीच, पण शंखाचा पीळ अगदी स्पष्ट.

शेजारी त्यांची मुलगी उभी होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. शहरातल्या कॉलेजात ती दगडांचाच अभ्यास करत होती, आणि ती गोगलगाय बघून ती एक पाऊल मागे सरली. कारण सांगतो. ती घरी आली होती भावाच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी. भावाने मोठ्या हौसेने तिला बाळाची धर्ममाता व्हायला सांगितलं होतं. धर्ममातेला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं, की आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवावर तू विश्वास ठेवतेस का. आदल्याच दिवशी तिने भावाला सांगून टाकलं होतं, "मी नाही उभी राहणार. वेदीसमोर खोटं बोलवणार नाही मला." वहिनी रडली, भाऊ चिडला. बाबांना काय सांगायचं, ते कुणालाच सुचेना. बायबलच्या हिशेबाने जग जेमतेम सहा हजार वर्षांचं; आपल्या अभ्यासातलं त्याचं खरं वय कळलं तर बाबा आतून मोडतील, या धास्तीने ती तीन वर्षं घरात दगडाचा शब्द काढत नव्हती. पुस्तकाला खाकी कव्हर घालून वर लिहिलं होतं, 'शिवणकाम'.

आता गोगलगाय आपणहून वर आली होती.

"टाका ती!" मंडळीचे कारभारी म्हणाले. यांचा आवाज घंटेपेक्षा मोठा, पण माणूस मनाने मऊ. रविवारच्या शाळेत तीन पिढ्यांना त्यांनी शिकवलं होतं, आणि अलीकडे त्यातली चारपाच मुलं चर्चची पायरी चढेनाशी झाली होती. ते त्यांना लागलं होतं. "पोरं शंभर प्रश्न विचारतील. हे भोक बुजवा, पलीकडच्या कोपऱ्यात मारा."

"प्रश्न विचारले तर तुम्ही आहात की," मामा म्हणाले.

"बायबलातल्या चाळीस दिवसांच्या जलप्रलयात वाहून आली असेल. झालं!"

"असेल," मामा मान हलवत म्हणाले, आणि उकिडवे बसून ढिगांवरून बोट फिरवत गेले. "पण कारभारी, हिच्या वर तीनदा लाल माती लागलीय. हा ढीग, हा, आणि हा. कातळ उन्हापावसात उघडा पडून कुजल्याशिवाय लाल होत नाही. वर पुन्हा कातळ, पुन्हा लाल. चाळीस दिवसांत तुमच्या कुंपणाच्या भिंतीचा रंग उडाला नाही, इथं तीन वेळा डोंगर कुजलाय."

मग त्यांनी मान वळवली. "धाकटे, किती वर्षांची असेल गं ही?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. "असेल काहीतरी" म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण बाबांनी तळहात पुढे धरला होता, आणि तळहातासमोर तिला खोटं बोलता येईना.

"सहा कोटी, बाबा. थोडी वरच."

कारभाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. पाळकसाहेबांनी चहाचा घोट तसाच तोंडात धरला. आणि फूटमामा? त्यांनी फाडकन कपाळावर हात मारला. "सहा कोटी! आणि मी वेडा पाचसात लाखांवर अडून बसलो होतो! एवढी चौतीस वर्षं देव मोठा, देव मोठा म्हणत घंटा वाजवतोय, आणि माप घेतलं ते असलं तोकडं!"

मग गोगलगाय काडेपेटीत ठेवली, खिशात घातली, आणि म्हणाले, "चिकणमाती आहे म्हणजे खाली भेगा असणार. चालू करा मशीन."

संध्याकाळी मामा मागच्या दारी पाटावर बसून हातमोजे धूत होते. धाकटी शेजारी येऊन बसली.

"बाबा, राग नाही आला?"

"कसला? तुझं ते शिवणकामाचं पुस्तक मी दोन वर्षांपूर्वीच काढून बघितलं. अक्षरं परकी, पण चित्रं झकास. टाका मात्र एकही सापडला नाही."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मग जमतं कसं तुम्हाला? लाव्हा आला, थंड झाला, तळं साचलं, पुन्हा लाव्हा. सगळ्याला कारण आहे. त्यात देवाला जागा कुठे उरते?"

मामांनी मोजा पिळला, दोरीवर टाकला. मग त्यांनी तिला एक जुनी गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरात कधी काढली नव्हती. तरुणपणी एका विधवा शिंपिणीच्या परसात ते बोअर मारत होते. सुरुवातीलाच गुडघे टेकून प्रार्थना केली होती, त्यामुळे पाणी लागणारच असं धरून चालले. चुरा ओरडून सांगत होता, कोरडं आहे, थांब. यांनी ढिगाकडे पाहिलंच नाही. तीनशे नव्वद फूट गेले आणि धुळीशिवाय काही निघालं नाही.

"मग?"

"मग काय? पूर्ण उन्हाळा रोज सकाळी सायकलवरून दोन कॅन पाणी तिच्या दारात. ती बाई एके दिवशी म्हणाली, भाऊ, देवाने डोळे दिले होते ना? ते मिटून त्याच्याकडेच काय मागत बसलात? तेव्हापासून ढीग मांडतो." मामांनी खिशातली काडेपेटी काढून तिच्या हातात दिली. "आणि तू विचारतेस जागा कुठे. चौतीस वर्षांत चुऱ्याने मला एकदाही फसवलं नाही, धाकटे. इथली लाल माती तशीच दोन लाख फुटांवरची. काल जो नियम, तोच उद्या. जमीन इतकी खरं बोलणारी का असावी? ती लबाडही असू शकली असती, म्हणून मला ते साधं वाटत नाही. मी हात जोडतो ते असा नियम घालणाऱ्याला. पाणी कितीवर आहे ते चुराच सांगतो, त्यात देवाला मध्ये घालत नाही. तहान लागलेल्याला ते द्यावं, हे मात्र चुऱ्यात कुठे निघत नाही."

"पण मला तुमच्याइतकी खात्री नाहीये. रविवारी वेदीसमोर काय सांगू?"

"मग तेवढंच सांग. जेवढं लागलंय तेवढंच."

दुसऱ्या दिवशी दोनशे सत्तर फुटांवर पाणी लागलं. असं उसळलं की पाळकसाहेबांचा पांढरा झगा चिखलाने रंगला आणि कारभारी लहान पोरासारखे टाळ्या पिटत भिजले.

रविवारी बाप्तिस्म्याच्या भांड्यात तेच पाणी होतं. धाकटी बाळ घेऊन उभी राहिली. वहिनीने श्वास रोखून धरला होता. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो, ठेवते. पण मला अजून पुष्कळ कळायचंय, आणि मी शोधत राहणार आहे." पाळकसाहेबांनी ओंजळ भरून बाळाच्या डोक्यावर पाणी सोडलं. बाळाने असा टाहो फोडला की मागच्या बाकावरचे दोन म्हातारे जागे झाले.

बाहेर पडताना कारभाऱ्यांनी मामांना घंटेखाली गाठलं. "मामा, उत्तर 'ठेवते' एवढंच असतं. तुमच्या पोरीने शेपूट जोडलं. हे चालायचं का?"

घंटेची दोरी खुंटीला गुंडाळत फूटमामा म्हणाले, "कारभारी, दोनशे दहावर गोगलगाय निघाली तेव्हा तुम्ही म्हणालात, भोक बुजवा. बुजवलं असतं तर आज माझ्या नातवाच्या डोक्यावर काय घातलं असतंत? पोरगी अजून खाली चाललीय. जाऊ द्या तिला."