कुत्र्याची सरबराई

कुत्रा मला चावला आणि सरबराई झाली कुत्र्याची. माझं नुकतंच लग्न होऊन मी सोलापुरात आले होते. उरलंसुरलं टाकायला मागच्या दारी गेले, तर गल्लीतल्या तांबड्या कुत्र्यानं भाकरीच्या तुकड्यासकट माझा उजवा हात धरला.

सासूबाईंनी जखमेत तेल-तिखट भरलं आणि वर फडकं घट्ट आवळलं. कुत्रं धड तर माणूस धड, हा आमच्या घरचा कायदा. ते पिसाळलेलं नाही अशी खात्री पटेपर्यंत फडकं सोडायचं नाही. झालं, सगळं घर त्याच्या तैनातीला लागलं. एरवी त्याच्या पाठीत दगड घालणारे सासरे गिरणीतून आले की आधी विचारत, "पाणी पिलं का त्यानं?" पिलं म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. नणंद त्याला दुधात भाकरी कुस्करून घाली. मला त्या घरात चहालासुद्धा दूध मिळत नव्हतं.

इकडे फडक्याखाली हात टम्म फुगला. अंगात ताप, आणि वास असा की मलाच मळमळे.

"आत्याबाई, हात लई ठणकतोय," मी सासूबाईंना म्हटलं.

"ठणकंल की. त्ये बघ कसं शेपूट हालवतंय! तुला काय धाड भरत न्हाय."

त्या शेपटीचा मला आजही राग येतो.

शेवटी मी चुलीपुढं बेशुद्ध पडले, तेव्हा नवऱ्यानं टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि ते भडकले, "इतके दिवस काय बघत होता?"

"कुत्रं," नवरा म्हणाला.

"पर सायेब, कुत्रं लई झ्याक हाय की!" सासूबाई म्हणाल्या.

"ते झ्याकच असणार! पण चांगल्या कुत्र्याच्याही तोंडात घाण असते. जखम धुवायची सोडून कोंडून ठेवलीत. आता ती घाण हिच्या रक्तात चाललीय."

दोन बोटं कापली, तेव्हा जीव वाचला. घरी आले तर कुत्रं दारात लोळत होतं, अंगानं चांगलं भरलेलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, आधी त्याच्यावरून, मग माझ्यावरून.

हात बरा झाल्यावर मी पुन्हा भाकरी थापायला बसले. उरलेल्या बोटांनी ती कडेला फाटायची. फाटकी भाकरी ताटात कोण घेणार? सासूबाई ती गरमागरम उचलत, मागच्या दारी जात आणि लाडानं कुत्र्याला हाक मारत.