राहून गेलेलं भूगर्भशास्त्र

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची. दोघींना दगडांचं वेड. शाळेची सहल रिज नावाच्या खडकाळ टेकडीवरच्या जंगलात गेली की बाकीच्या मुली डबे उघडायच्या, आणि आम्ही चकाकणारे तुकडे शोधून स्कर्टच्या खिशात कोंबायचो. कपडे धुवायला घेताना आई खिसे उलटे करायची आणि वैतागायची.

बारावीनंतर दोघींना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका साध्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला. त्याच आठवड्यात एका नामांकित कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं, पण संस्कृतला. संस्कृत मला धड येतही नव्हतं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांनी जबरदस्ती केली नाही, एवढंच म्हणाले, "विषय तू निवड. पण उद्या नोकरीच्या अर्जावर लोक आधी कॉलेजचं नाव वाचतील."

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला आवडलं असतं. खरं तर दहा मिनिटांत ठरवलं. त्या कॉलेजच्या फाटकातून आत जाताना मी कशी दिसेन, हेच डोळ्यांसमोर होतं.

बाबांचं खरं ठरलं. गुरुग्रामच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले तर समोरचे साहेब त्याच कॉलेजचे निघाले. संस्कृतबद्दल एक प्रश्न नाही, कँटीनमधल्या समोशांबद्दल मात्र चिकार गप्पा. नोकरी मिळाली, बढत्या मिळाल्या, पंधराव्या मजल्यावर घर झालं. मैत्रिणीचं मात्र बरीच वर्षं काही जमेना. तात्पुरत्या नोकऱ्या, मध्येच एका शाळेत भूगोल. शेवटी राजस्थानात गावोगाव भूजल शोधणाऱ्या एका संस्थेत ती स्थिरावली. पगार माझ्यापेक्षा पुष्कळच कमी.

गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली. सोसायटीच्या मागे नव्या टॉवरचा पाया खणत होते. बाल्कनीतून ती बराच वेळ खाली बघत राहिली. खडकाचे थर कसे कललेत ते मला बोटाने दाखवत होती. मी त्या घरात सहा वर्षं राहत होते, मला तिथे नुसता खड्डा दिसायचा.

"तुझी लिस्ट लागली ना, तेव्हा मी जिन्यात बसून रडले होते," ती म्हणाली. "मला त्या कॉलेजात कोणी घेतलं नसतं."

"आणि आता?"

सोमवारी राजस्थानात फील्डवर निघायचंय, असं तिने सांगितलं. दोन दिवस मी आले तर चालेल का, मी विचारलं.

"ये की. बूट नीट घाल फक्त."

सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन बूट आणले. रजेचा अर्ज मात्र केला नाही. सोमवारी मीटिंग होती, पण ती टाळता आली असती, हे मला ठाऊक होतं. ती एकटीच गेली. सोमवारी दुपारी ऑफिसातून तिला फोन लावला. ती होती तिथे रेंज नव्हती. खिडकीशी उभी राहून मी पुन्हापुन्हा लावत राहिले.