न वाचता मारलेला शिक्का

शाळेत संगणक आले तेव्हा ते माझ्याकडे सोपवले गेले, कारण चिखलीला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केलेली मी एकटीच होते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई सही करायला शिकली तीच मुळी माझ्या प्रगतिपुस्तकासाठी. हा अभिमान मी कधी लपवला नाही, आजही लपवत नाही. पण त्याच अभिमानापायी माझ्या हातून जे झालं, ते लिहायचं मात्र आजवर टाळलं.

दहा संगणक, त्यातले सात चालायचे. पोरं चपला बाहेर काढून देवळात आल्यासारखी आत यायची. छापायला शिकवलं आणि आठ दिवसांत महिन्याचा कागद संपला. कोणी नटाचे फोटो नेले, कोणी गजानन महाराजांचे, एकाने तर बुलेट गाडीचे सहा. तेव्हा मी नियम काढला. छापलेला प्रत्येक कागद मला दाखवायचा, मी त्यावर शाळेचा गोल शिक्का मारून सही करणार, आणि शिक्का नसलेला कागद खोलीबाहेर जाणार नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत शेरा दिला, 'इंटरनेटचा जबाबदार वापर'. तो शेरा मी घरी आईला दोनदा वाचून दाखवला.

वर्गात माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. "माणूस चुकतो रे, कम्प्युटर चुकत नाही." पोरं ते माझ्याच आवाजात एकमेकांना म्हणून दाखवायची आणि हसायची. मला त्यातही बरं वाटायचं.

नववीत एक मुलगी होती. तिच्या वडिलांची पाच एकर कपाशी. बोंडअळी न लागणारं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता फवारणीचा जाच सुटला. पहिली काही वर्षं सुटलाही. मग बोंडअळी परत आली, आणि कृषी केंद्रवाला देईल त्या दोन-तीन बाटल्या एकत्र कालवून लोक फवारायला लागले. झाडं छातीच्या वर गेलेली. पंपाचा फवारा पिकावर पडायचा तेवढाच अंगावर पडायचा. आदल्या वर्षी तिचे वडील शेतातच भोवळ येऊन पडले होते. तेव्हापासून ते पंप पाठीवर घेऊन निघाले की ही पोरगी शाळेत बसून खिडकीबाहेर बघायची. तिला एकच चिंता होती, बाबाला काही होऊ नये.

पोळा झाला आणि एका दुपारी ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. त्या वेळी मी मुलांची माहिती ऑनलाइन भरत होते. दोन दिवस साइट उघडत नव्हती, नेमकी तेव्हाच उघडली होती.

"मॅडम, शिक्का पाह्यजे."

"कशाचं आहे?"

"बाबा फवारतात ना, त्यायच्यासाठी. औषध लागलं तर काय करावं ते हाय. मीच शोधलं."

"शाब्बास. असाच उपयोग करायचा." मी पडद्यावरची नजर काढली नाही. डाव्या हाताने शिक्का मारला, उजव्याने सही केली. वाचला नाही.

तो कागद तिच्या वडिलांनी पंप टांगायच्या खिळ्याशेजारी चिकटवला. चौथी शिकलेला माणूस. शेजाऱ्यांना दाखवायचा म्हणे, "पाह्य बे, शाळेचा शिक्का हाय. माह्या पोरीनं काढला."

पंधरा दिवसांनी ते भर दुपारी शेतातून आले ते भिंत धरतच. घामाने चिंब, तोंडातून लाळ, उलट्या. शेजाऱ्याने जीप आणतो म्हणून चपलाही घातल्या होत्या. घाबरलेली तिची आई म्हणाली, "थांबा, कागदात काय हाय ते पाहू द्या." पोरीने कागद वाचला. दूध-तूप पाजावं, सावलीत निजवावं, उलटीवाटे विष निघून जातं, दोन-तीन तासांत आराम पडतो. कोणी लिहिलं होतं, कुठे बसून, देव जाणे. त्यांनी अगदी तसंच केलं. औषधाने भिजलेला सदराही कोणी अंगातून काढला नाही, कारण कागदात ते नव्हतं. दिवस मावळताना जीप निघाली, चिखलीहून बुलडाण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतका वेळ काय करत होतात? कपडे काढून, अंग साबणाने धुऊन, बाटली सोबत घेऊन तडक निघायचं असतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तिचा चुलता कागद घेऊन शाळेत आला. आरडाओरडा केला नाही. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हे तुमचं हाय."

तो गेल्यावर मुख्याध्यापकांनी कागदाची चौघडी करून ड्रॉवरमध्ये टाकली. "मॅडम, तुम्ही काही बोलू नका. चौकशी लागली तर तुमची नोकरी जाईल आणि माझी पेन्शन."

मी बोलले नाही. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हाही नाही. ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यातली एक हळू आवाजात, पण ऐकू येईल अशी म्हणाली, "पोरीनंच पाजलं म्हणते दूध. कम्प्युटर शिकली ना." मुलगी आत भांड्यांच्या फळीखाली बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर बास होतं. मी तिच्या आईच्या हातावर हात ठेवला, चहा घेतला आणि परत आले.

तेरवी झाली. मुलगी शाळेत आली नाही. निरोप धाडला, उत्तर नाही. चुलत्याने सांगून टाकलं होतं, हिच्या शिक्षणानं घर बुडवलं, आता बस. ती आईबरोबर एका बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायला लागली होती. दुपारनंतर कळी सोलून आतले केसर खुडून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून तिथे घासायचं. पुढच्या वर्षीचं बी असं बायका-पोरींच्या बोटांतून निघतं. शाळेत पोरी गैरहजर असण्याचं कारण म्हणून हजेरीत मी 'क्रॉसिंग' हा शब्द कितीदा लिहिला होता. प्लॉटवर मात्र कधी गेले नव्हते.

दसरा उलटून गेल्यावर गेले. ती ओळीत वाकून कळ्या सोलत होती, नखं पिवळी झालेली. तिची आई पुढच्या ओळीत.

"मॅडम, इकडं काऊन आल्या?" आई म्हणाली.

मी मोठ्याने बोलले, कारण हळू बोलले असते तर ते पुन्हा लपवणंच झालं असतं. "त्या कागदावर शिक्का मी मारला. न वाचता मारला. हिचा दोष नाही. तुम्ही शिक्क्यावर विश्वास ठेवला, तो माझा होता."

सगळ्या ओळींतले हात थांबले. आईने हातातली कळी खाली टाकली. मग म्हणाली, "हे त्या दिवशी ओट्यावर बोलल्या असत्या तर? महिना झाला, लोक माह्या पोरीच्या तोंडावर बोलून राह्यले."



मुलगी उभी राहिली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मॅडम, तुम्ही वाचला असता तर तुम्हाले समजलं असतं का, की ते खोटं हाय?"

मी हो म्हणू शकले असते. तिला तेवढाच आधार झाला असता, की चूक फक्त घाईची होती. पण खरं हे होतं, की मीही तो वाचून शिक्काच मारला असता. दूध-तूप तर माझ्या आईनेही पाजलं असतं. माझी पदवी, तो कोर्स, साहेबांचा शेरा, यातल्या कशानेही मला विचारायला शिकवलं नव्हतं, की हे लिहिणारा कोण आहे, डॉक्टर आहे का, आणि नसेल तर मी कोणाला विचारू?

"नाही," मी म्हणाले. "नसतं समजलं."

तिने मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे वळली. आई म्हणाली, "जा मॅडम, दिवस कलला."

दुसऱ्याच दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं. त्यांनी ते पुढे पाठवलं की नाही, मला कधी कळलं नाही. नोकरी गेली नाही. संगणकाच्या खोलीत 'कम्प्युटर चुकत नाही' हे वाक्य मी पुन्हा म्हटलं नाही. पोरांना आता आधी लिहिणाऱ्याचं नाव शोधायला लावते. नाव सापडलं नाही तर गावच्या दवाखान्यातल्या नर्सला विचारायला पाठवते. पोरं कंटाळतात.

ती शाळेत परत आली नाही. दोन वर्षांनी आईला घेऊन माझ्या घरी आली, सतरा नंबरचा फॉर्म भरायला, बाहेरून दहावीला बसायचं म्हणून. चुलत्याला सांगितलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. वडिलांच्या नावाच्या जागी तिने स्वतः अक्षरं दाबली, एकेक करून. बाकीचं मी भरलं. शेवटचं बटण दाबायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

"थांबा. आधी मले वाचू द्या."

तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, ओठ हलवत. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. आई दाराशी तशीच उभी होती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.