ह्यांनी भरलेली हिवाळ्याची कॅसेट

मंडळी, एक्याऐंशीच्या हिवाळ्यात ह्यांनी गाणी भरलेली कॅसेट आज दुपारी माळ्यावर सापडली. पिंपरीच्या कॉलनीतले आपण जुने शेजारी या ग्रुपवर आहोत, म्हणून लगेच लिहिते आहे.

मुलीने जुन्या टेपरेकॉर्डरवरची धूळ पुसून ती लावली. आधी भूपाळी, मागोमाग कव्वाली, मग लावणी, शेवटी कुठल्याशा इंग्रजी बँडची गिटार. नाताळचं गाणं मात्र एकही नाही. "ती भिंतीतून फुकट येतात," असं हे म्हणायचे. पलीकडे रोझीताई राहायच्या ना! आम्ही दोघी मजेत ऐकत होतो.

तेव्हा रेडिओपुढे टेप धरूनच गाणी भरायची, त्यामुळे घरातले आवाजही आत आलेत. कंपनीचा भोंगा आला, कुकरची शिट्टी आली. लावणीच्या मध्येच मी ओरडले, "अहो, ते बंद करा आणि आंघोळीला जा! शिफ्ट चुकेल."

"आई, बाबांना किती बोलायचीस गं!" मुलगी हसली.

मला त्यांचं उत्तर ऐकायचं होतं. ते जाऊन तीस वर्षं झाली आणि त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या. गाणं बिघडू नये म्हणून ते ओठांवर बोट ठेवून बसायचे. माझ्या ओरडण्यानंतर बटण दाबल्याचा खट्ट आवाज आहे, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी तेव्हा गाणी भरली असतील, तर त्यात मागे कुठे हे बोललेत का, पाहाल? सापडेल असं वाटत नाही. तरी विचारते.